लाल गाडीवाल्याचा डावा हात

दसऱ्याला घनसावंगीच्या जीप स्टँडवर गाड्या धुतात, झेंडूचे हार घालतात, चाकांखाली लिंबं ठेवतात, आणि दुपारी राधेश्यामच्या गोदामाचं शटर अर्धं ओढून आत लाल गाडीचा पिच्चर लावतात. पूजा सगळीकडेच होते. पिच्चर फक्त इथं लागतो, आणि वंदनाबाईला त्या पिच्चरचा इतका तिटकारा होता की कुणी नुसतं नाव काढलं तरी तिच्या कपाळाला आठी पडायची.

पिच्चर इंग्रजी. खरं नाव कुणालाच माहीत नाही. कॅसेटवरचा कागद ब्याण्णव सालीच फाटला होता. शर्यतीचा आहे, पण त्या पेन्सिलीसारख्या लांबुळक्या गाड्यांच्या शर्यतीचा नाही. यातल्या गाड्या साध्या, घरच्या, दारं-खिडक्या असलेल्या, बाजाराला न्याव्यात तशा. फक्त अंगावर हातभर नंबर रंगवलेले. त्या एका मोठ्या रिंगणात गरगर फिरतात आणि एकमेकींना ढुशा मारतात. जीपवाल्यांना हे पाहताक्षणी आवडलं, कारण अंबडच्या रस्त्यावर ते स्वतः रोज तेच करत होते. पुढच्या गाडीच्या बुडाला चिकटून चालवलं की वारा लागत नाही, ही अक्कल त्यांना याच पिच्चरनं दिली. मग ते एसटीच्या मागं तसे चिकटू लागले, आणि एसटीचे ड्रायव्हर त्यांना आईबहिणीवरून शिव्या देऊ लागले.

भाषेची अडचण होती, तिची सोय त्या वेळच्या व्हिडिओ सेंटरच्या मालकानं केली. त्यानं रामरावाच्या हातात माइक दिला. रामराव तेव्हा सत्तावीस वर्षांचा, जीप चालवणारा, आणि जिभेला लगाम नसलेला. पडद्यावरचे गोरे काय बोलतात हे त्याला ओ की ठो कळत नव्हतं, पण तेवढ्यानं थांबेल तो रामराव कसला. निळ्या गाडीवाल्याचं नाव त्यानं मुंजाजी ठेवलं, त्याच्या सोनेरी केसांच्या बायकोचं चांगुणाबाई ठेवलं, आणि दोघांचं भांडण तुरीच्या डाळीवरून लावून दिलं. लाल गाडीवाल्याला त्यानं नाव दिलंच नाही. हरामखोराला नाव कशाला, असं तो म्हणायचा आणि सेंटरातली माणसं हसून लोळायची.

त्याला आता तेहतीस वर्षं झाली. कॅसेटची सीडी झाली, सीडीचा पेनड्राइव्ह झाला, व्हिडिओ सेंटरच्या जागी मोबाईलचं दुकान आलं. तरी दर दसऱ्याला पोट सुटलेले, टक्कल पडलेले ते गडी गोदामात जमतात, रामराव माइक धरतो, आणि त्याच्या वाक्यांना वाक्य जोडत सगळे एका सुरात बोलतात. मुंजाजी मेला की डोळे पुसतात. ते दिवस पुन्हा येणार नाहीत असं एकमेकांना सांगतात. वंदनाबाईचं म्हणणं असं, की न आलेलेच बरे.

तिचा राग लग्नापासूनचा. अंगाची हळद निघाली नव्हती तेव्हाच, तिसऱ्या दिवशी, तिचा नवरा पप्पू तिला घरी बसवून हा पिच्चर पाहायला गेला होता. पप्पूही जीपवालाच, रामरावाचा धाकटा चुलतभाऊ. बाया सेंटरात जात नसत, म्हणून तिनं पिच्चर कधी पाहिला नाही, आणि त्यात काय आहे असं विचारलं तर पप्पू म्हणायचा, "सांगून काय मजा?" एवढं म्हणून तो जेवायचा आणि पुन्हा निघायचा. पुढं तिनं विचारणंच सोडलं.

मग सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात पप्पू मेला.

अंबडहून येताना त्याची आणि श्रीपतीची जीप एकमेकींच्या पुढं जायला बघत होत्या. पुढच्या थांब्यावर जो आधी पोचेल त्याला माणसं मिळणार, एवढंच त्यात होतं. रस्त्याचं काम चाललं होतं, मुरूम नुकताच टाकलेला, धुराळा मणभर. नाल्याच्या पुलाशी पप्पूची जीप डावीकडून खाली गेली. त्याच्या जीपमधली माणसं हात-पाय मोडून घेऊन वाचली. धुराळ्याशिवाय त्यांना काही आठवत नव्हतं. श्रीपतीच्या जीपमधली बाजाराची माणसं, परगावची. ती मिळेल त्या गाडीनं निघून गेली. मागच्या तिसऱ्या जीपमध्ये रामराव होता. पोलिसांना त्यानं सांगितलं, धुराळ्यात काही दिसलं नाही. पण पाचव्या दिवशी स्टँडवर पंच बसले तेव्हा तो सगळ्यांसमोर उभा राहिला आणि त्यानं जे पाहिलं ते सांगितलं. पोलिसांना का नाही सांगितलं, हे कुणी विचारलं नाही. कोर्टाच्या चकरा कुणाला हव्या असतात?

रामरावाचे ते शब्द वंदनाबाईला पाठ होते. "त्यानं गाडी बराबरीला आणली. डावा हात खिडकीच्या बाहेर काढला. हसला. हात हलवून टाटा केला. आन् मंग दाबलं." अठ्ठावीस वर्षं तिनं हे शब्द रोज मनात घोळवले होते. पोरगी, भावना, तापानं फणफणली तेव्हा, अंगणवाडीची नोकरी लागली तेव्हा, भावनाचं लग्न झालं तेव्हा. गाडी नीट चालवता आली नाही म्हणून माणूस मारणं वेगळं. हसून, टाटा करून मारणं वेगळं. तो टाटा तिच्या काळजात रुतून बसला होता.

कोर्टानं श्रीपतीला सोडलं. स्टँडनं सोडलं नाही. स्टँडवर गाड्या नंबरानं लागतात. पहिली भरली की दुसरी पुढं येते. नंबर नसेल त्याच्या जीपमध्ये कुत्रंही बसत नाही. पंचांनी ठरवलं की पप्पूच्या बायकोची हरकत आहे तोवर श्रीपतीच्या घरच्या गाडीला नंबर नाही. वंदनाबाईची हरकत होती. श्रीपतीनं जीप विकली, दुसऱ्यांच्या ट्रॅक्टरवर राबला, आणि दोन वर्षांपूर्वी जालन्याच्या एका दवाखान्यात मेला. त्याला आणायला स्टँडची गाडी जाणार होती, तर वंदनाबाईनं निरोप धाडला की जो जाईल त्यानं मला तोंड दाखवू नये. कुणी गेलं नाही. झुंबरबाईनं, श्रीपतीच्या बायकोनं, नवऱ्याचं मढं कांद्याच्या टेम्पोतून आणलं. वंदनाबाईनं त्या दिवशी घरी शिरा केला. तिला तो खाववला नाही, पण केला.

आता श्रीपतीच्या पोरानं, प्रेमनं, जुनी का होईना गाडी घेतली होती आणि त्याला नंबर हवा होता. गेल्या दसऱ्याला त्यानं विचारलं होतं. वंदनाबाईनं खुर्चीवरून न उठता "हरकत आहे" म्हटलं होतं आणि पिच्चर सुरू व्हायच्या आत घरी गेली होती. यंदाही तिचा तोच बेत होता. पण यंदा गोदामाच्या शटरपाशी, पायरीवर, झुंबरबाई येऊन बसली होती.

राधेश्याम स्टँडचा अध्यक्ष, सुट्या भागांचा दुकानदार, भांडणाला घाबरणारा. तो शटरच्या आत उभ्या वंदनाबाईजवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "बाई, औंदा पिच्चर झाल्यावर विचारतो, आधी भांडण नको. झुंबरबाई म्हणून राह्यल्या, काय बोलायचं ते माझ्यादेखत बोलू द्या."

"मंग आत्ता विचारा," वंदनाबाई मोठ्यानं म्हणाली. "आत्ताच सांगते. मला काय कुणाची भीती पडली?"

"जल्दी काय आहे?" पायरीवरून झुंबरबाई बोलली. तिनं मान वळवली नव्हती. "अठ्ठावीस वर्षं बसलो. दोन तास बसू."

वंदनाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी जावं तर झुंबरबाईला भिऊन पळाली म्हणतील. आणि बाहेर जायचं तर तिच्या अंगावरून जावं लागणार. ती तडक मागं वळून पार आत गेली आणि भिंतीशी पडलेल्या ट्रॅक्टरच्या टायरवर जाऊन बसली. आतल्या वीस-पंचवीस गड्यांनी एकमेकांकडं पाहिलं. या गोदामात पिच्चरच्या वेळी बाई कधी बसली नव्हती.

रामरावानं माइक हातात घेतला आणि तिला पाहून जरा घुटमळला. "वंदना, तू बसून राह्यली का?"

"कामून? तिकीट आहे का?"

प्रेमनं प्रोजेक्टर लावला. हल्ली ते काम त्याच्याकडंच असायचं, कारण म्हाताऱ्यांना ते जमत नव्हतं. गाडी रांगेत नको, पण पोरगा प्रोजेक्टर लावायला चालतो, हे वंदनाबाईच्या नजरेतून सुटलं नाही. तिला त्याचाही राग आला.

भिंतीवरच्या पडद्यावर गाड्या गरगरू लागल्या. रामराव बोलू लागला आणि दोन मिनिटांत तो सत्तावीस वर्षांचा झाला. चांगुणाबाई डाळीवरून मुंजाजीला झापू लागली. गडी हसले, ओळी आधीच म्हणू लागले, "डाळ महाग झाली, अन् तुला पेट्रोल सुचून राह्यलं व्हय," असं सगळं गोदाम एकदम ओरडलं. एकाच्या डोळ्यांत पाणीही आलं. वंदनाबाई दात आवळून बसली होती. याच्यासाठी तिचा नवरा तिला सोडून जात होता. या गरगर फिरणाऱ्या डबड्यांसाठी. तिला वाटलं उठावं आणि तो पांढरा पडदा ओढून फाडावा.

मग मोठी शर्यत आली. निळी गाडी पुढं. तिच्या उजव्या अंगानं लाल गाडी हळूहळू वर चढत आली. रामरावानं आवाज खाली आणला, त्याला ठाऊक होतं कुठं खाली आणायचा.

"त्यानं गाडी बराबरीला आणली," रामराव म्हणाला.

वंदनाबाईनं मान वर केली.

"डावा हात खिडकीच्या बाहेर काढला."

पडद्यावर लाल गाडीवाल्यानं डावा हात खिडकीच्या बाहेर काढला.

"हसला," गोदामातले पाच-सहा जण रामरावासोबत म्हणाले. "हात हलवून टाटा केला. आन् मंग दाबलं."

निळी गाडी कठड्यावर आदळली, उलटली, पेटली. चांगुणाबाई रडू लागली आणि गड्यांनी उपरण्यानं डोळे पुसले. वंदनाबाई मात्र रडत नव्हती. हे तिचे शब्द होते. एकही इकडचा तिकडं नाही. अठ्ठावीस वर्षं जे तिनं नवऱ्याचं मरण म्हणून उराशी धरलं, ते हे लोक दर दसऱ्याला लाडू खात म्हणत होते.

तिनं पुन्हा पडद्याकडं पाहिलं. मागची एक गाडी दिसत होती, ड्रायव्हर आत बसलेला. तो डावीकडं बसला होता. सगळेच डावीकडं बसले होते. त्या मुलखात स्टेरिंगच डावीकडं असतं. म्हणून लाल गाडीवाल्याचा डावा हात सरळ खिडकीबाहेर गेला.

लग्नानंतर पप्पू तिला दोनदा माहेरी जीपमधून घेऊन गेला होता. ती त्याच्या डाव्या हाताला बसली होती, तिच्यापलीकडं अजून दोन माणसं कोंबलेली. गिअर टाकताना पप्पूचा डावा हात तिच्या गुडघ्याला लागायचा आणि ती लाजून पाय आखडून घ्यायची. त्या हाताला खिडकी नव्हती. त्या हाताला ती होती.

"बंद करा," वंदनाबाई म्हणाली.

कुणाला ऐकू गेलं नाही. ती उठली आणि प्रोजेक्टरसमोर जाऊन उभी राहिली. गाड्या तिच्या लुगड्यावर फिरू लागल्या. प्रेमनं घाईघाईनं बटण दाबलं.

"भाऊजी," ती रामरावाला म्हणाली, "जीपचं स्टेरिंग कोणत्या बाजूला असतं?"

रामरावाला प्रश्नच कळला नाही. "आता हे काय मधीच? उजवीकडं असतं."

"तुमच्या डाव्या हाताला पुढच्या सीटवर किती माणसं बसवायचे तुम्ही?"

"तीन. कधी चार."

"मंग श्रीपतीनं डावा हात कोणत्या खिडकीतून काढला?"

रामरावानं उत्तर द्यायला माइक खाली ठेवला. चाळीस वर्षं गाडी चालवलेला माणूस. त्याच्या नकळत त्याचा उजवा हात हवेतल्या स्टेरिंगवर गेला आणि डावा हात गिअरवर. तिथंच तो थांबला.

"मी डोळ्यानं पाह्यलं वंदना," तो म्हणाला. "बिलकुल डोळ्यानं. आजही मला दिसून राह्यलं."

"काय दिसून राह्यलं? लाल गाडी? पोलिसाला तुम्ही काय सांगितलं होतं? धुराळा होता म्हणून. तेच खरं सांगितलं होतं तुम्ही."

"मी खोटं कशाला बोलू? पप्पू माझा भाऊ होता."

तो खोटं बोलत नव्हता, हे वंदनाबाईला त्याच्या तोंडाकडं पाहून कळलं, आणि त्यामुळं ती अजूनच पेटली. खोटारड्याच्या थोबाडीत तरी मारता येतं. या माणसानं धुराळ्यात भाऊ मेलेला पाहिला होता आणि धुराळ्यामागं काय झालं ते दिसलं नाही म्हणून डोक्यात जे शंभर वेळा पाहिलेलं होतं ते तिथं बसवलं होतं. मग स्वतःच त्यावर विश्वास ठेवला होता.

"आपण सगळे ड्रायव्हर माणसं," राधेश्याम हळूच म्हणाला. खरं तर त्यानं आयुष्यात सायकलच्या वर काही चालवलं नव्हतं. "कुणाच्याच ध्यानात कसं आलं न्हाई?"

तो हात सगळ्यांनी इतक्यांदा पाहिला होता की त्यात कुणाला वावगं दिसलंच नव्हतं. एक म्हातारा खाली मान घालून बोटं मोजल्यासारखी चाळवत बसला.

"तुम्हाला पिच्चर आवडला," वंदनाबाई म्हणाली. "लई आवडला. इतका आवडला की माझा माणूसबी तुम्ही त्यातच मारला. पुलाशी काय झालं कुणाला ठावं? त्यालाच पुढं जायची हौस आली असेल. बारा माणसं भरून पुलावर शर्यत लावली. मरायचं नव्हतं तर लावायची कामून?"

नवऱ्याबद्दल ती असं पहिल्यांदाच बोलली. बोलल्यावर तिलाच आतून पोकळ वाटलं. इतकी वर्षं तिला रागवायला श्रीपती होता. आता पप्पू उरला होता, आणि रागवायला तो कुठं सापडणार?

"राधेश्याम," ती म्हणाली, "माझी हरकत न्हाई. लिहून घ्या. पोराला नंबर द्या."

प्रेम प्रोजेक्टरपाशी तसाच उभा राहिला. वंदनाबाई शटरखालून वाकून बाहेर आली. बाहेर डोळे दिपवणारं ऊन होतं. झुंबरबाई पायरीवर होती तशीच बसली होती.

"नंबर दिला," वंदनाबाई तिला म्हणाली.

"ऐकू आलं. कामून दिला?"

वंदनाबाईला वाटलं होतं, ही रडेल, निदान उठून उभी राहील. ती दोन पायऱ्या खाली उतरली, तसं झुंबरबाईचं तोंड समोर आलं. "श्रीपतीचा हात बाहेर येऊच शकत न्हाई. त्याच्या डाव्या अंगाला माणसं होते. ते समदं त्या पिच्चरमधलं होतं. मला आज कळलं."

"आज कळलं," झुंबरबाई म्हणाली.

"हो. मी पिच्चर कधी पाह्यलाच न्हवता. माझं चुकलं."

झुंबरबाईनं आता तिच्याकडं पाहिलं. तिच्या नजरेत दया नव्हती, आणि ते लपवायचाही तिनं प्रयत्न केला नाही.

"पंचाच्या समोर आमचे मालक उभे होते," झुंबरबाई म्हणाली. "तू पुढंच बसलेली. त्यांनी पहिलं वाक्य काय म्हणलं? 'माझ्या डाव्या हाताला तीन माणसं बसलेले होते, मी हात काढू कुठून?' एवढं म्हणले, आन् तू पायातली चप्पल काढून त्यांच्या तोंडावर मारली. लोकांनी तुला धरलं, तू बेशुद्ध पडली, बैठक मोडली. पुन्हा त्यांना कुणी इचारलंच न्हाई." ती गुडघ्यावर हात टेकून उठली. "ते सांगायचे, वंदीनं ऐकलेलं आहे, एक दिवस तिला आठवेल. मरेपर्यंत सांगायचे."

तिनं प्रेमला हाक मारली आणि तो आला. दोघं गाडीकडं गेली. नंबर घेतला की नाही ते वंदनाबाईनं पाहिलं नाही. ती पायरीवर खाली बसली.

चप्पल तिला आठवत होती. स्टँडवरचे लोक अजून तिचं कौतुक करायचे त्यावरून. पण त्या वेळी श्रीपतीचं तोंड उघडं होतं, तो बोलत होता, आणि काय बोलत होता तेही तिला आता आठवलं. तिनं ते नीट ऐकलं होतं. ऐकूनच मारली होती.